मॅडम, पोरगा प्यायला लागलाय

पावसाळ्यात ॲडमिशन होतात, मुलं हॉस्टेलवर किंवा फ्लॅटवर राहायला जातात आणि दिवाळीला घरी येतात. दिवाळी संपली की समुपदेशनासाठी माझा फोन वाजायला लागतो. बॅगेत बिल सापडलं, मोबाइलमध्ये फोटो दिसला, रूममेटच्या आईनं कानावर घातलं. पुढचं वाक्यही ठरलेलं: “आमच्या घरात कुणी थेंबसुद्धा घेत नाही हो.” (निम्म्या घरांत ते खरं असतं.)

तोवर घरगुती उपाय करून झालेले असतात. आईनं गळ्याची शपथ घातलेली असते, बाबांनी पैसे बंद केलेले असतात आणि मामांनी सडलेल्या लिव्हरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात. यात सगळ्यात निरुपयोगी मामांचे फोटो. अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर या विषयाचं संशोधन बरीच वर्षं चाललं आहे. नुसती माहिती देऊन किंवा घाबरवून मुलांचं पिणं कमी होत नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. विशीतल्या मुलाला लिव्हर पन्नाशीत जाणार असेल तर आत्ता त्याचं काहीच वाटत नाही. रात्री पिऊन कुणाला काय पाठवलं ते बघायला सकाळी मोबाइल उघडायची भीती मात्र त्याला वाटते. पण ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

ओंकारला त्याचे वडील घेऊन आले. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय वीस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, मूळ सांगलीकडचा, पुण्यात मित्रांबरोबर फ्लॅटवर. खुर्चीत टेकता टेकता वडील म्हणाले, “ह्याला जरा समजवा. आमचं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल.” मी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं.

“मी बेवडा नाहीये,” ओंकारनं सुरुवात केली.

“मी तसं म्हटलं नाही. मला सांग, प्यायल्यावर तुला काय छान वाटतं?”

तो माझ्याकडे बघत राहिला. हा प्रश्न सापळा आहे की काय, हे तो ताडत होता. मग म्हणाला, “बोलता येतं. एरवी ग्रुपमध्ये सगळे इंग्लिश झाडतात, मी आपला गप्प. बसलो की मी सरांच्या नकला करतो. सगळे हसून लोळतात.”

पालकांना हा प्रश्न विचारायचा धीर होत नाही. त्यांना वाटतं, आपण उत्तेजन देतोय. पण मुलाला दारूतून काहीतरी मिळत असतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेतच. ओंकारला मिळत होती चार मित्रांत जागा. मी त्याला फ्लोरिडातला एक प्रयोग सांगितला. तिथे डार्क्स आणि गोल्डमन या संशोधकांनी भरपूर पिणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून पेयं दिली. काहींच्या ग्लासात दारू होती, काहींच्या ग्लासात नव्हती. गप्पा, खेळ झाल्यावर विचारलं, ओळखा कोण प्यायलंय. मुलं सर्रास चुकली, अगदी स्वतःच्या बाबतीतसुद्धा. नुसती अपेक्षाच त्यांना मोकळं करून गेली होती. 1993 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि या अनुभवानंतर त्या मुलांचं पिणंही कमी झालेलं आढळलं.

“म्हणजे नक्कल मीच करतो तर,” ओंकार म्हणाला. मी काही बोलले नाही.

पुढच्या भेटीत त्याचं पेटंट वाक्य आलं: “मी फक्त बिअर घेतो मॅडम, हार्ड नाही.” मी कागद पुढे सरकवला. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे जेमतेम 13 मिली, वजनात 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीवर 8 टक्के लिहिलेलं असतं. गुणाकार त्यानंच केला: 52 मिली. म्हणजे एका बाटलीत चार छोटे पेग. शनिवारी बसल्यावर तो दोन बाटल्या संपवायचा, कधी तिसरी उघडायचा. शरीराला एका छोट्या पेगचा निचरा करायला ढोबळमानानं एक तास लागतो, हेही मी कागदावर लिहिलं.

तो आकड्यांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “बाबा कधीतरी लग्नात दोन पेग घेतात. तेव्हा आई आठवडाभर त्यांच्याशी बोलत नाही.”

त्याच्या दोन बाटल्या म्हणजे आठ छोटे पेग, ही गोष्ट मी सांगितली असती तर त्यानं माझ्याशी वाद घातला असता. इथे वाद घालायला समोर कुणी नव्हतं. गुणाकार त्याचा, अक्षर त्याचं.

‘सगळेच पितात’ हे वाक्य आम्ही असंच कागदावर घेतलं. वर्गात साठ मुलं. मागच्या आठवड्यात किती जण प्यायले असतील? “पन्नास तरी.” नावं लिही म्हटलं. पंधराव्या नावाच्या आसपास पेन थांबलं. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी 1986 मध्येच एका अमेरिकी कॉलेजात हे दाखवलं होतं, की बाकीचे किती पितात याचा मुलांचा अंदाज फुगलेला असतो, आणि त्या फुगलेल्या अंदाजाशी बरोबरी करायला ती पितात. एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये आलं. त्यात 10 ते 75 वयाच्या पुरुषांपैकी सुमारे 27 टक्केच दारू घेणारे निघाले. इन्स्टाग्रामवर घरी बसून पुस्तक वाचणाऱ्याचा फोटो येत नाही, त्यामुळे तो मोजला जात नाही.

खरी कलाटणी मिळाली ती मात्र एका साध्या प्रश्नानं. मी विचारलं, “पिणं कमी करावं असं तुला दहापैकी किती वाटतं?”

“चार.”

पालक इथे हमखास म्हणतील, चारच? दहा का नाही? ते विचारलं असतं तर ओंकारनं न सोडण्याची कारणं धडाधड सांगितली असती, आणि बोलता बोलता ती त्यालाच आणखी पटली असती. मी उलटं विचारलं. “चार का? एक का नाही?”

तो बराच वेळ गप्प बसला. बाहेर वडिलांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, पण माझ्या हातात दिला नाही. “रात्री दोन वाजता मी ताईला व्हॉइस नोट पाठवली होती. सात मिनिटांची. तिच्या लग्नाबद्दल काहीतरी बोललोय. तिनं भावजींसमोर लावली. मॅडम, मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मी झोपलो नव्हतो, चालत-बोलत होतो, तरी आठवत नाही. ती नोट मी अजून पूर्ण ऐकलेली नाहीये.”

मी त्याला समजावलं, की दारू भराभर चढते तेव्हा मेंदू आठवणी साठवायचंच थांबवतो. माणूस जागा असतो, पण नोंद होत नाही. त्याला ‘बॉटम्स अप’ करायची, एका दमात ग्लास रिकामा करायची सवय होती, म्हणजे नोंद बंद पडायला अगदी सोयीचं. “मग मी अजून काय काय बोललो असेन?” असं तो स्वतःशीच म्हणाला. जाताना दारात उभं राहून म्हणाला, “चार नाही, सहा लिहा.”

इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत पक्कं झालं आहे: बदलाचं कारण मुलाच्या तोंडून बाहेर पडावं लागतं. आपण पुरवलेलं कारण मुलं आपल्यालाच परत करतात. हा माझा शोध नाही, विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी हा मार्ग घालून दिला. सिएटलमध्ये ॲलन मार्लाट यांनी त्याच धर्तीवर कॉलेजच्या मुलांसाठी थोड्याच भेटींचा कार्यक्रम बसवला. त्यातून गेलेल्या मुलांना दारूमुळे होणारे त्रास चार वर्षांनंतरही इतरांपेक्षा कमी होते. आपल्या शेजारी गोव्यात संगाथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या प्रौढ पुरुषांसाठी हेच तत्त्व वापरलं. समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी अशा समुपदेशनातल्या 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. फरक चमत्कारासारखा नाही. पण जास्तीत जास्त चार भेटींत शंभरामागे दहा जण जास्त, हे मला तरी थोडं वाटत नाही.

ओंकारनं स्वतःचे नियम केले. मेसवर पोटभर जेवूनच जायचं. स्ट्राँग घ्यायची नाही, एका पाइंटवर, म्हणजे छोट्या बाटलीवर थांबायचं. सबमिशनच्या आठवड्यात अजिबात नाही. गाडीची चावी घरी. मूड खराब असेल त्या दिवशी बसायचं नाही. हा नियम त्यानं सगळ्यात शेवटी आणि कुरकुरत लिहिला, पण उपयोगी तोच पडला.

वडिलांनी कागद वाचला आणि चिडले. “म्हणजे तुम्ही परवानगीच दिलीत!” परवानगी देणारी मी कोण? महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि हार्ड लिकरसाठी 25 वर्षं पूर्ण असावी लागतात. ओंकार दोन्हींत बसत नाही, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. सोडलीस तर उत्तमच, हेही. पण जो मुलगा आत्ता पूर्ण सोडायला तयार नाही त्याला ‘सोडशील तेव्हा ये’ म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. दहावी-बारावीच्या मुलांबाबत मात्र मी एक पाऊलही मागे घेत नाही. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढे अवलंबित्व येण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसलेलं आहे.

‘मग घरीच आमच्यासमोर थोडी दिली तर? बाहेर तरी जाणार नाही.’ हा सुशिक्षित घरांतला प्रश्न. घरातून सूट मिळालेली मुलं कॉलेजात कमी नाही, जास्त पितात, असंच अभ्यास सांगतात. नाराजी स्पष्ट सांगा, एकदाच सांगा, आणि ती कॉलेज सुरू व्हायच्या आधी सांगा. पेन स्टेट विद्यापीठातल्या रॉब टुरिसी यांचं पालकांवरचं काम मुख्यतः याच वेळेबद्दल आहे. दिवाळीपर्यंत थांबलात तर उशीर होतो. ॲडमिशनची फी भरता त्याच आठवड्यात बोला.

आणि काही मुलं ओंकारसारखी नसतात. सकाळी हात थरथरतात, एकटं पितात, रोज लागते. तिथे माझ्या कागद-पेनानं भागत नाही; अशांनी एकदम सोडली तर फीटसुद्धा येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टर. पुण्यात ‘मुक्तांगण’ 1986 पासून आहे, आणि 14446 ही व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन देशभर चालते. मुलाच्या रूममेटना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा: पिऊन बेशुद्ध पडलेल्या मित्राला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडायचं नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांतलं काहीही नको. कुशीवर वळवायचं, जवळ बसायचं, 108 ला फोन करायचा. पोलीस येतील या भीतीनं मुलं हा फोन टाळतात. “तू फोन कर, आम्ही कुणी रागावणार नाही,” हे त्यांना आधीच सांगितलेलं असलं पाहिजे.

ओंकार अजून कधीमधी बसतो. आईला ते पसंत नाही, आणि तिनं पसंत करावं असं मी तिला म्हणतही नाही. मागच्या खेपेला तिनं विचारलं, “मग फोनवर बोलू तरी काय?” मी म्हटलं, रात्री अकराला ‘कुठे आहेस’ म्हणून फोन करू नका, तो खोटंच सांगेल. रविवारी दुपारी करा. जेवलास का विचारा, सरांची नवीन नक्कल कुठली ते विचारा, आणि शनिवार कसा गेला हे तो आपणहून सांगायला लागला तर मध्ये बोलू नका.