पाण्यात स्प्रिंगचा आवर्तकाल का वाढतो?

प्रश्न : स्प्रिंगला २०० ग्रॅमचा लोखंडी गोळा टांगून मी २० आंदोलनांचा वेळ मोजला. हवेत तो १२.६ सेकंद आला आणि गोळा बीकरमधील पाण्यात पूर्ण बुडवल्यावर १३.० सेकंद. पाण्यात ३ सेंटिमीटरचा आयाम (मधल्या जागेपासूनचे सर्वाधिक अंतर) सुमारे १० आंदोलनांत निम्मा झाला. अवमंदनामुळे, म्हणजे रोधाने आंदोलने मंदावत गेल्यामुळे, आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) वाढतो, असे पुस्तकात दिले आहे. हा फरक अवमंदनाचाच समजावा का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुमची मोजणी चांगली आहे, पण हा फरक अवमंदनाचा नाही. प्रयोगवह्यांमध्ये तो सर्रास अवमंदनाच्या नावावर टाकला जातो, याची मला खंत वाटते, कारण ही शंका दोन ओळींच्या आकडेमोडीने फिटते. १० आंदोलनांत आयाम निम्मा होतो, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, ०.६९३, दहा आंदोलनांत विभागला जातो आणि एका आंदोलनाच्या वाट्याला ०.०६९ येतो. त्याला ६.२८ ने (२π ने) भागून वर्ग करावा व त्याचे निम्मे घ्यावे. आवर्तकालातील सापेक्ष वाढ ०.००००६, म्हणजे ०.००६ टक्के मिळते. तुमची वाढ मात्र ३ टक्क्यांहून अधिक आहे.

खरे कारण पाण्याच्या जडत्वात आहे. गोळा खालीवर होताना भोवतालच्या पाण्यालाही प्रत्येक वेळी गती द्यावी लागते आणि हे कामही स्प्रिंगच करते, त्यामुळे गोळ्याचे वस्तुमान वाढल्यासारखा परिणाम होतो. आदर्श, म्हणजे चिकटपणा नसलेल्या द्रवात, भांड्याच्या भिंती दूर असताना, गोलासाठी ही वाढ त्याने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वस्तुमानाच्या निम्मी असते. लोखंडाची घनता पाण्याच्या ७.८ पट धरल्यास तुमचा गोळा सुमारे २५.६ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. त्याचे निम्मे १२.८ ग्रॅम. आवर्तकाल वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने २१२.८ भागिले २०० याचे वर्गमूळ १.०३ येते आणि १२.६ चे १३.० होतात. हवेचाही लंबकावर असाच परिणाम होतो, हे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये दाखवून दिले होते. उत्प्लावक बलाचा, म्हणजे पाणी गोळ्याला वर ढकलते त्या बलाचा, येथे संबंध नाही; गोळा पूर्ण बुडालेला असेपर्यंत ते स्थिर राहते आणि फक्त समतोलाची जागा वर सरकवते.

पडताळा घ्यायचा असेल तर बीकरऐवजी रुंद व खोल भांडे वापरा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिकमध्ये मोठे घंगाळ मिळणे अवघड नाही. भिंती जवळ असल्या की पाण्याला वळसा घ्यायला जागा कमी उरते आणि वाढीव वस्तुमान आणखी वाढते. शिवाय आयामाच्या लॉगॅरिदमचा आलेख आंदोलनांच्या संख्येसमोर काढून पाहा. सुरुवातीला, वेग जास्त असताना, पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाकडे झुकतो आणि आलेख अधिक तीव्र उतरतो. अवमंदनाचा गुणांक काढताना तो भाग सोडून, आयाम लहान झाल्यानंतरची सरळ रेषाच घ्यावी.