चिडाच्या वनात खाली काही का उगवत नाही?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही अल्मोड्याहून बिनसरला गेलो. वाटेतल्या चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, वनात जमिनीवर सुयांचा घसरडा थर होता आणि झुडपे जवळजवळ नव्हतीच. वर बिनसरला मात्र गर्द, ओलसर जंगल लागले. गाडीचालक म्हणाले की, चीड इंग्रजांनी आणला आणि त्याने डोंगराचे पाणी संपवले. हे खरे आहे का? अशा वनात काही जगते का? आणि कोकणातला सुरू त्याच्याच कुळातला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चीड मूळचा हिमालयातलाच वृक्ष आहे, साधारण ५०० ते २२०० मीटर उंचीवर तो वाढतो. इंग्रजांनी तो आणला नाही, पण रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि लिसा, म्हणजे राळ, मिळावी म्हणून त्याला झुकते माप दिले, हे खरे. गावकऱ्यांना चारा, जळण आणि पालापाचोळ्याचे खत देणारा बांज, म्हणजे हिमालयातला ओक, मात्र मागे पडला. १९२१ साली कुमाऊंमध्ये, म्हणजे अल्मोड्याच्या परिसरात, वनकायद्यांविरुद्धचा असंतोष उफाळला, तेव्हा लोकांनी चिडाची राखीव वनेच पेटवली, ती उगाच नव्हे.

तुम्ही पाहिलेल्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. त्या राळयुक्त असल्याने फार सावकाश कुजतात, उन्हाळ्यात गळून थर जाड करतात, आणि ठिणगी पडली की वणवा पसरतो. त्यात बांजाची रोपे जळतात. जाड सालीचा मोठा चीड बहुधा तगतो आणि त्याचे पंखधारी बी मोकळ्या झालेल्या जमिनीवर उडत येऊन रुजते. पाण्याचा दोष मात्र एकट्या चिडाच्या माथी मारणे मला पटत नाही. दक्षिणेकडच्या उन्हाच्या, उथळ मातीच्या उतारांवर तो मुळातच अधिक आढळतो, तर बांज सावलीच्या, ओलसर उतारांवर. त्यामुळे तिथला कोरडेपणा काही अंशी जागेचाच असतो. बांजाखालची भुसभुशीत माती पाणी अधिक धरते, एवढे मात्र निश्चित.

जीवसृष्टी तिथे बांजाच्या वनापेक्षा विरळ असते, पण नसतेच असे नाही. चिडाच्या मुळांशी बुरशीचे धागे जोडलेले असतात आणि ते त्याला निकस मातीतून अन्नद्रव्ये मिळवून देतात. विरळ सावलीमुळे पावसाळ्यात गवत उगवते, त्यावर घोरल हा शेळीसारखा रानटी प्राणी चरतो आणि त्याच्या मागावर बिबट्या येतो. वठलेल्या खोडांत सुतार पक्षी ढोली कोरतात, पुढे तिथेच दुसरे पक्षी घरटी करतात; म्हणून वाळके झाड दिसताच तोडण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

सुरूचे म्हणाल तर तो पाइनच्या कुळातला नाही. तो सपुष्प वृक्ष आहे. ज्या त्याच्या ‘सुया’ वाटतात त्या पेरेदार हिरव्या डहाळ्या असतात आणि खरी पाने पेरांवरच्या बारीक खवल्यांएवढीच उरलेली असतात. पुढच्या वेळी एक डहाळी पेरापाशी ओढून पाहा, ती तिथेच सुटते.