बास गिटार : बँडमधील जागा आणि साहित्याची निवड
वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयीन बँडमध्ये लीड गिटार वाजवतो. आमचा बासवादक नोकरीनिमित्त बंगळुरूला गेल्याने ती जबाबदारी आता माझ्यावर आली आहे. सगळे मिळून पंचवीस हजार रुपये खर्च करता येतील. कोणता बास घ्यावा?

बासच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली लागतात. त्यामुळे सुरांच्या जागा तुम्हाला पहिल्या दिवसापासूनच ठाऊक असतील, आणि गिटारवरून बासकडे वळणाऱ्यांची गाडी बहुधा याच सोयीमुळे अडते. जागा माहीत असल्या की मोकळी दिसेल ती प्रत्येक जागा भरून काढण्याचा मोह होतो. बासवादकाला मात्र सूर कधी सुरू करायचा याच्या बरोबरीने तो कधी थांबवायचा हेही ठरवावे लागते. एक साधा प्रयोग करून पाहा : ड्रमरला साधा ठेका धरायला सांगा, तुम्ही एकच सूर वाजवा आणि स्नेअरचा ठोका पडताक्षणी डाव्या हाताची पकड सैल करून तो बंद करा. पुढच्या आवर्तनात तोच सूर स्नेअरवरून पुढे वाहू द्या. सूर तोच असूनही दोन्ही वेळा ताल निराळा भासेल.

आता वाद्याकडे वळू. लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन आणि 1960 मध्ये जाझ हे दोन बास बाजारात आणले. आज परवडणाऱ्या किमतीत मिळणारे बहुतेक बास या दोहोंपैकी एकाच्या घडणीवर बेतलेले असतात. प्रिसिजनमध्ये मधोमध एकच दुभंगलेला पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग, असतो. त्याचा भरीव आवाज दोन गिटार आणि ड्रम यांच्या गदारोळातही टिकून राहतो. जाझमध्ये दोन पिकअप आणि नटजवळ, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, निमुळती नेक (फ्रेट असलेली दांडी) असते. आवाजाच्या छटा त्यात अधिक मिळतात, पण एका पिकअपचा व्हॉल्यूम उतरवला की गुणगुण सुरू होते. तुमचा बँड रॉक वाजवणारा असेल असे गृहीत धरून मी प्रिसिजनच्या घडणीचा बास सुचवेन. चौतीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) फारच लांब वाटत असेल, तर तीस इंचीचे बासही मिळतात. पॉल मॅकार्टनी यांच्या हातात दिसणारा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर त्याच मापाचा आहे.

सगळे पैसे वाद्यावर घालवू नयेत. सतरा-अठरा हजारांत वाद्य घ्यावे आणि उरलेल्या रकमेत चांगल्या तारा, ट्यूनर, मजबूत केबल आणि कारागिराकडून करून घेतलेले सेटअप (तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणे) बसवावे. वापरलेला बास घेत असाल तर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार किती वर राहते ते पाहा. जाड कागद जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक जुळवणारा धातूचा दांडा) फिरतो की जाम झाला आहे, हे विक्रेत्यासमोरच तपासून घ्या, कारण रॉड जाम असेल तर स्वस्तातला सौदाही महागात पडतो. ॲक्टिव्ह, म्हणजे आत स्वतःचा छोटा प्रीॲम्प असलेल्या, बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि जॅक लावलेला राहिला की ती वाजवत नसतानाही उतरत जाते. तालीम संपल्यावर केबल काढायची सवय आधीपासूनच लावून घ्यावी. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बास हळू आवाजात चालतो. पण तालमीत ड्रमच्या बरोबरीला आवाज नेलात तर त्याचा स्पीकर फाटू शकतो.

प्रश्न : सांगलीकडच्या एका वाद्यवृंदात मी बास वाजवतो. कीबोर्डवादक डाव्या हाताने बासही वाजवतात, त्यामुळे सगळे गिचमिड ऐकू येते. शिवाय प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी. पाच तारांचा बास घेतला तर प्रश्न सुटेल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याला वाद्य बदलणे हा उपाय नाही. बासच्या मोकळ्या तारांची आंदोलने साधारण 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झ असतात. या खालच्या टापूत दोन वाद्ये एकाच वेळी जवळजवळचे सूर वाजवू लागली की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत, आणि ध्वनियंत्रणा कितीही महाग असली तरी फरक पडत नाही. कीबोर्डवादकांशी बसून एक सीमारेषा ठरवून घ्या. त्यांचा डावा हात मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीखाली, म्हणजे सुमारे 131 हर्ट्झच्या खाली, जाणार नाही. ते स्टाइल (कीबोर्डमधली तयार साथसंगत) लावून वाजवत असतील तर स्टाइलमधला बासचा भाग स्वतंत्रपणे बंद करता येतो. बऱ्याच मंडळींच्या हे लक्षातच आलेले नसते. ज्येष्ठ वादकाला हे सांगणे अवघड जाते याची मला कल्पना आहे. म्हणून तालमीत एकच गाणे दोन्ही प्रकारे वाजवून त्याचे रेकॉर्डिंग सर्वांनी मिळून ऐकावे, म्हणजे कोणाला काही सांगावे लागत नाही.

पट्टीच्या बाबतीत अन्याय खरोखर बासवादकावरच होतो. गायकाने आयत्या वेळी ‘काळी एक’ म्हटले की कीबोर्डवादक ट्रान्सपोजचे बटण दाबून मोकळा होतो, आपल्याला मात्र सगळे गाणे हातानेच सरकवावे लागते. चार तारांच्या बासवर काळी एकचा सर्वात खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो आणि त्याच्या खालचा पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर. पाच तारांच्या बासवर बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणखी एक सप्तक खालचा षड्ज सापडतो खरा, पण तो जेमतेम 35 हर्ट्झचा असतो. मैदानी कार्यक्रमांतले पुष्कळसे स्पीकर तिथवर पोहोचतच नाहीत. श्रोत्यांच्या कानी पडतात ते त्याचे वरचे उपस्वर. त्या एका तारेपायी रुंद नेक सांभाळावी लागते आणि न वाजणारी बी तार अंगठ्याने सतत दाबून ठेवावी लागते.

तेव्हा खर्च करण्याआधी हात तयार करावा. प्रत्येक गाण्याची बासची चाल मोकळ्या तारा न वापरता बसवलीत, तर काळी एकवरून काळी दोनला जाणे म्हणजे हात दोन फ्रेट पुढे नेणे, याखेरीज काहीही नाही. मोकळी ई तार म्हणजे पांढरी तीन. त्या पट्टीतली गाणी मोकळ्या तारांच्या आधारे बसवायची सवय लागली की पांढरी चारलाच पंचाईत होते. असा सराव झाल्यानंतरही खालचा षड्ज हवासा वाटला, तर पाच तारांचा बास जरूर घ्यावा.

प्रश्न : बास पिकने वाजवणे कमीपणाचे आहे का?

मुळीच नाही. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत असंख्य ध्वनिमुद्रणांसाठी बास वाजवणाऱ्या कॅरल के पिकच वापरत. गाण्याला टोकदार आघात हवा असेल तेथे पिक घ्यावा, गोलाई हवी तेथे बोटे वापरावीत.

प्रश्न : पुण्यात आम्ही पखवाज, तबला, टाळ आणि हार्मोनियम यांच्यासह अभंगांचे कार्यक्रम करतो. त्यात मी बास वाजवतो. आमच्या गायकांच्या मते बास ‘अंगावर येतो’. काय करावे?

गायकांचे म्हणणे आधी खरे धरून चालावे. पखवाजाचा धुमा आणि तबल्याचा डग्गा यांनी खालचा टापू आधीच व्यापलेला असतो. बासने तेथे दाटी केली तर तिघांचेही नुकसान होते. आठ मात्रांच्या ठेक्यात समेवर एक लांब सूर धरावा आणि पाचव्या मात्रेपासूनची खालीची बाजू शक्यतो मोकळी सोडावी. शेवटी लय वाढून गजर सुरू झाला की मग हात सैल सोडायला हरकत नाही. टाळांच्या त्या कल्लोळात बासची भर पडल्याचा आनंद गायकालाही होतो.

याहून नाजूक बाब सुरांची आहे. पाश्चात्त्य गाण्यात बासचा सूर बदलला की वरचा तोच सूर वेगळ्या रंगाचा भासतो, आणि ते हवेच असते. अभंगात गायक पंचमावर ठहराव घेत असताना खालून कोमल गंधार आला, तर श्रोत्याचा आधारस्वरच हलतो. म्हणून षड्ज आणि पंचम यांवर भर द्यावा. मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागातली चाल असेल तर पंचमाऐवजी मध्यम घ्यावा. आणि कॉर्डची साखळी गायकाला आधी ऐकवून, त्यांची संमती असेल तरच वापरावी.

सूर जुळवताना ट्यूनरपेक्षा हार्मोनियमला प्रमाण मानावे. पुष्कळ पेट्या ‘ए म्हणजे 440 हर्ट्झ’ या प्रमाण मापात तंतोतंत नसतात आणि पखवाज-तबला पेटीवरच मिळवलेले असतात. पेटीचा ए दाबून ट्यूनरचे माप त्याला जुळेपर्यंत वरखाली करावे आणि मग बास लावावा. ताराही बदलून पाहा. सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, तारांवर बोट सरकल्याचा आवाज येत नाही आणि सूर मऊ राहतो. मोटाऊन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या 1960च्या दशकातल्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा जो बास ऐकू येतो, तो अशाच तारांवरचा आहे. टोनची कळ अर्ध्यावर आणावी, नेकच्या जवळ छेडावे आणि आधी ‘कमी आवाज’ हा सोपा उपाय करून पाहावा.

प्रश्न : माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येताना बासचा ॲम्प्लिफायर आणू शकतो. आणायला सांगावे का?

मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते आधी फोटो काढून पाठवायला सांगा. अमेरिकेत 120 व्होल्टचा पुरवठा असतो, आपल्याकडे 230चा. पट्टीवर 100 ते 240 व्होल्ट असे छापले असेल तर केवळ पिन बदलून काम भागते. केवळ 120 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो नसताना सॉकेटमध्ये वायर खुपसण्याचा प्रयोग एकदाच करता येतो. स्पीकरसह असलेला जड कॉम्बो विमानाने आणण्यात अर्थ नाही. हलका क्लास डी हेड (स्पीकर नसलेला ॲम्प्लिफायर) आणवावा आणि स्पीकर कॅबिनेट इथे घ्यावे. आठ ओहमची दोन कॅबिनेट सामान्यतः समांतर जोडली जातात आणि तशी जोडली की भार चार ओहमचा होतो. हेडवर छापलेल्या किमान ओहमच्या खाली भार जाऊ देऊ नये. वॉटच्या आकड्याला भुलू नये, कारण वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो.

प्रश्न : गणेशोत्सवात वाजवताना कोरससाठी माइककडे वाकलो की ओठांना झटका बसतो. मंडपवाले म्हणतात, ‘एवढे चालायचेच.’

चालवून घेऊ नका. असा झटका जिवावर बेतू शकतो. बासच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी ध्वनियंत्रणेच्या अर्थिंगला. दोघांचा पुरवठा वेगळ्या बोर्डांवरून असेल आणि त्यांतल्या एकाला नीट अर्थिंग नसेल, तर त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक तुमच्या अंगातून वाट काढतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टांहून जास्त दिसले तर माइकला हात लावू नका. ॲम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणा अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यायला लावा, जनरेटर असेल तर त्याच्या अर्थिंगची खात्री करून घ्या. घरघर थांबवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी दिसते. तीच अशा झटक्यांना आमंत्रण देते. घरघरीसाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे बास ध्वनियंत्रणेला जोडणाऱ्या डबीवर, ग्राउंड लिफ्टची कळ असते. ती केवळ ध्वनीच्या केबलमधली जोडणी तोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात माझ्या बासच्या तारा फ्रेटवर खडखडतात आणि आठवड्यात गंजतात.

दमट हवेत लाकूड ओलावा धरते आणि नेकचा बाक बदलतो. ट्रस रॉड एका वेळी पाव वळणापेक्षा जास्त फिरवू नये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून मगच पुढचे ठरवावे. बास बाहेरच्या भिंतीवर टांगून ठेवू नये, कारण पावसाळ्यात तीच भिंत सर्वात ओली असते. बासच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा खालच्या बाजूनेही पुसाव्यात, आणि पुढच्या वेळी स्टेनलेस स्टीलच्या किंवा वर लेप दिलेल्या तारा घ्याव्यात. जुन्या तारा पाण्यात उकळून परत लावण्याच्या युक्तीने मळ निघतो, गंज निघत नाही.