दादांचं रेशनकार्ड कुणी पाहिलंय का?

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बेंजो पार्टीतल्या दादांच्या अँजिओप्लास्टीसाठी हॉल घ्यायचा, सगळ्यांनी बिनपैशाचं वाजवायचं आणि तिकिटांची रक्कम वहिनींच्या हातात द्यायची, असं तुम्ही ठरवताय. मन मोठं आहे तुमचं. पण तिकिटं छापायला टाकण्याआधी एक सांग, दादांचं रेशनकार्ड कुणी पाहिलंय का?

अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. १ जुलै २०२४ पासून ही योजना पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिलेली नाही. पांढरं कार्डवालेही तीत आले आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघून देणारा माणूस, बसतो. दादांना दाखल करायचं ते अशाच ठिकाणी, आणि ऑपरेशनच्या आधी त्या माणसाला गाठायचं. खासगीत बिल भरून मोकळे झालात आणि मग योजना आठवली, तर ते पैसे परत मिळत नाहीत. हॉलचं भाडं, साऊंडवाला, चहा-वडे वजा जाता तुमच्या हाती जे उरेल, त्याच्या कितीतरी पट काम हे एक कार्ड करतं. शिवाय वादक आजारी पडला की वादकांनीच एक नाईट फुकट करायची, हा प्रकार मला कधी पटलेला नाही. ज्यांचा खिसा आधीच रिकामा, त्यांनाच पुन्हा चाचपायचं.

माझी उभी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात, समाजसेवा विभागात झाली. ढोलकीवाले, ब्रासबँडवाले, ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅडवाले, कोरसमधल्या बायका, सगळे कधी ना कधी माझ्या टेबलापुढे बसून गेले. आजार ज्याचा त्याचा वेगळा, अडचण मात्र तीच. कागद नाही. पाकिटातून मानधन घेणाऱ्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कारखान्यातल्या माणसाला ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, आधार असतो. वादकाचा मालक दर सुपारीला, म्हणजे दर कार्यक्रमाला, बदलतो. खोली नालासोपाऱ्यात भाड्याची, रेशनकार्ड साताऱ्याकडच्या गावात, आधारवर तिसराच पत्ता. आणि हे सगळं उघडकीला येतं ते माणूस आयसीयूत असताना.

म्हणून तू सुरुवात फायलींपासून कर. ओळखीतल्या दहा-पंधरा जणांची प्रत्येकी एक फाईल. रेशनकार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान कार्ड, जुने रिपोर्ट. रेशनकार्ड महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचं असू दे, महात्मा फुले योजनेला मुंबईत चालतं. बनारसहून आलेल्या सारंगीवाल्याचं आयुष्मान कार्ड तिकडचं असलं तरी इथल्या यादीतल्या रुग्णालयात वापरता येतं. सत्तरी गाठलेल्या बुजुर्गांना तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न विचारता ते कार्ड मिळतं. फक्त घरी जाऊन, मोबाईलवर ओटीपीची झटापट करून ते काढून देणारं कुणी हवं, आणि त्या कामात तुमची पिढी तरबेज आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर मी जास्त जोर देते, कारण धर्मादाय रुग्णालयांचं दार त्याने उघडतं. ज्या चकचकीत लॉबीत शिरायला आपली माणसं बिचकतात, त्यांतली कितीतरी रुग्णालयं ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना यांनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात अडवून ठेवायचं नाही, हेही त्यात आहे. काउंटरवर यातलं काहीच कुणी आपणहून सांगत नाही. समाजसेवकाचं टेबल कुठे ते विचारायचं, दाखला पुढे करायचा, आवाज चढवायचा नाही. नकार आला तर तो लेखी मागायचा आणि वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची. ‘लेखी द्या’ म्हटल्याबरोबर खाट रिकामी झालेली मी पाहिलेली आहे.

आता जे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही ते. वादक आणि गाणारे आजार लपवतात, आणि त्यांचं चुकत नाही. कोरसमधल्या बाईच्या स्वरयंत्रावर गाठ आहे ही बातमी फुटली, की पुढच्या सीझनला दुसरीला बोलावणं जातं. की-बोर्डवाल्याची बोटं बधिर होतात. तो मनगटाला पट्टा बांधतो आणि जिममध्ये लचकलं म्हणून सांगतो. ताशेवाल्याच्या कानात रात्रभर शिट्टी वाजत असते, तो बायकोलाही बोलत नाही. म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचं नाव, नळ्या लावलेला फोटो, रिपोर्ट काही टाकायचं नाही. लोकांनी तुला एकटीला फोन करावा, आणि तुझ्या तोंडून तो विषय कुठे जाणार नाही याची त्यांना खात्री वाटावी. बायकांसाठी तर ऐकणारी बाईच हवी. गर्भाशयाचं दुखणं कुणी बँडमास्तरला सांगणार आहे का?

कानांकडे सगळ्यांत कमी लक्ष असतं. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात. आवाज १०० डेसिबलवर गेला की सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांवर येते. ट्रॉलीवरच्या स्पीकरसमोर पंधरा मिनिटं म्हणजे लालबागची मिरवणूक धड पुढे सरकलेलीही नसते! आवाजाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे वाटून टाक. ‘ठेका कळत नाही’ अशी कुरकुर होईल, होऊ दे, सवय लागते. कानांच्या तपासणीसाठी बांद्रा रिक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे. पालिकेच्या रुग्णालयांत आवाजासाठी नायरला स्पीच थेरपी, बोटं-मनगटांसाठी केईएमला ऑक्युपेशनल थेरपी.

पण तिथे जायचं कधी? ओपीडीचा केसपेपर सकाळी निघतो आणि आपला माणूस पहाटे चारला झोपलेला असतो. बीपी-शुगरसाठी रात्रीपर्यंत उघडा असणारा पालिकेचा ‘आपला दवाखाना’ बरा. मोठ्या तपासण्या आषाढात किंवा पितृपक्षात लावून घे. तेव्हा कुणाला सुपारी नसते, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायला निमित्तही नसतं.

विम्याबद्दल विचारलंस. फक्त विमा काढण्यासाठी म्हणून गट बांधता येत नाही. आधीपासून दुसऱ्या कामासाठी उभी असलेली संस्था ग्रुप पॉलिसी घेऊ शकते. तीत जुने आजार बहुधा लवकर धरले जातात, पण संस्था थंडावली की विमाही गेला. पस्तिशीच्या आतल्यांनी आत्ताच, तब्येत धड असताना, स्वतःची पॉलिसी घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जुना आजार लपवू नये. त्यासाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागतं, लपवला तर क्लेमच्या वेळी वांधे होतात. आणि रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादा किती ते एजंटला आधी विचारावं, निम्मी फसगत तिथेच होते.

निधी हवाच असेल तर योजना जे देत नाही त्यासाठी ठेव. अँजिओप्लास्टीनंतर दादा महिनाभर वाजवणार नाहीत. त्या महिन्याचं भाडं, वहिनींचा लोकलचा पास, बाहेरून आणायची औषधं. दर सुपारीमागे वीस रुपये कापले तर कुणाला जड जाणार नाही. पैसे जमायला लागले की सात जणांनी मिळून संस्था नोंदवून घ्या, आणि हिशेब न वाजवणाऱ्या माणसाकडे द्या. वाजवणारे हिशेबात ढिले असतात, राग मानू नकोस.

राहता राहिलं, मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस की व्हायोलिन खाली ठेवल्यावर डावा खांदा तासभर उचलत नाही, आणि पुढच्याच ओळीत हॉलच्या भाड्यावर गेलीस. पहिली फाईल तुझी कर. केईएमला सकाळी आठच्या आत पोच, उशीर झाला तर रांग फार वाढते. व्हायोलिन सोबत ने. कसं धरतेस ते थेरपिस्टला बघू दे.

तुझी,
मावशी