देवगडच्या मुलाला व्यावसायिक बॉक्सिंगचा करार आलाय, सही करावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, राज्य स्पर्धेत रौप्यपदक. मुंबईच्या एका आयोजकाने तीन वर्षांचा करार पुढे केलाय आणि पहिली लढत दोन महिन्यांत ठेवायची म्हणतोय. आईचा विरोध आहे, भाऊ हट्टाला पेटलाय. तुम्हाला जाणून घ्यायचंय की व्यावसायिक बॉक्सर नेमका जगतो कसा आणि शेवटी त्याच्या हाती काय राहतं.

मी फौजेत १७ वर्षं होतो, त्यातली ९ युनिटच्या बॉक्सिंग टीममध्ये गेली. स्वतः व्यावसायिक लढलेलो नाही. निवृत्त होऊन मालवण तालुक्यात पोरांना शिकवायला लागलो आणि त्यातला एक पोरगा व्यावसायिक झाला. त्याच्या सातही लढतींना कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याला सांभाळायला, मी होतो. चार जिंकल्या, तीन हरल्या. त्याला विचारूनच हे लिहितोय, नाव मात्र देत नाही.

माझं मत आधीच सांगतो: आत्ता सही नको. पुढे कधी करायची ते खाली येईलच.

अमॅच्युअर (पदकांसाठी खेळायचं, भाऊ आज खेळतो ते) आणि व्यावसायिक हे दोन वेगळे खेळ समजा. तुमचा भाऊ आज तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या लढतो, अंगात बनियन असतं, हातात १० औंसाचे ग्लोव्ह्ज. व्यावसायिकमध्ये सुरुवात चार फेऱ्यांनी होते आणि सहा, आठ, दहा करत जेतेपदाच्या लढतीला बारापर्यंत जाते. त्याच्या वजनाला ग्लोव्ह्ज ८ औंसाचे, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम. हातही वेगळे बांधतात. अमॅच्युअरला आपण धुऊन वापरायची कापडी बँडेज गुंडाळतो, तिथे गॉज आणि चिकटपट्टी असते. बांधताना समोरच्या कॉर्नरचा माणूस शेजारी उभा राहून बघतो, बांधून झालं की पट्टीवर पेनाने सही होते आणि मगच ग्लोव्ह चढतो. पहिल्यांदा त्या सह्या पाहिल्या तेव्हा आमच्या पोराचा चेहरा उतरला होता. इथला ठोसा किती लागणार आहे ते त्याला त्या क्षणी कळलं.

तरीही सगळ्यात मोठा फरक ठोशांचा नाही, लढतींच्या संख्येचा आहे. अमॅच्युअर मुलगा एका स्पर्धेत आठवड्याभरात चार-पाच बाउट खेळतो. हरला तरी दोन महिन्यांनी पुढची स्पर्धा असतेच. व्यावसायिकात आपल्याकडे वर्षाला दोन लढती मिळाल्या तरी नशीब. मधले महिने रोज पहाटे धावायचं, खाण्यावर लक्ष ठेवायचं, वजन सांभाळायचं आणि फोनची वाट बघायची. बॉक्सर खरा खचतो तो याच काळात.

विजेंदर सिंगचंच बघा. बीजिंगला २००८ मध्ये कांस्य, मग १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये पहिली व्यावसायिक लढत. तेव्हा तो तिशीला टेकलेला, हाती ऑलिंपिक पदक, मागे इंग्लंडचा मोठा प्रवर्तक. डिसेंबर २०१७ पर्यंत त्याच्या दहा लढती झाल्या आणि दहाही त्याने जिंकल्या. त्यात २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून मिळवलेलं आशिया पॅसिफिक जेतेपद आहे, ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला चीनच्या मैमैतियालीला हरवलेली लढतही आहे. त्यानंतर काय झालं? पुढच्या सव्वातीन वर्षांत फक्त दोन लढती, जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत. नंतर सोळा महिने काहीच नाही, आणि १९ मार्च २०२१ ला आपल्या शेजारी पणजीत, मांडवीवरच्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या उंच अर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. पहिलाच पराभव. मी टीव्हीवर बघत होतो. ठोसा येतोय हे विजेंदरला दिसत होतं, पण अंग अर्धा क्षण उशिरा हलत होतं. रिंगपासून लांब राहिलं की हे असं होतं. इतकं नाव असलेल्या माणसाला जर तीन वर्षांत दोनच लढती मिळतात, तर देवगडच्या पोराला त्या कोण आणि कशाला देईल, हा प्रश्न आयोजकाला तोंडावर विचारा.

भाऊ फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओचं उदाहरण देतो असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, तो सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला, अंग इतकं बारीक की वजन भरावं म्हणून खिशात लोखंड ठेवून काट्यावर उभा राहायचा, आणि पुढे आठ वजनगटांत जगज्जेता झाला. पण १९९५ या पहिल्याच वर्षात तो दहाएक वेळा लढला. फिलिपिन्समध्ये तेव्हा टीव्हीवर नेमाने लढती व्हायच्या, पोराला रिंगमध्येच शिकायला मिळायचं. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्या पोराला शिकण्यासाठी बाउट हवे असतील तर ते अमॅच्युअरमध्येच मिळतात.

आता जोड्या कशा लागतात ते सांगतो, कारण हे कोणी आधी सांगत नाही. प्रत्येक कार्यक्रमात एक 'घरचा' बॉक्सर असतो, ज्याच्यावर आयोजकाने पैसा लावलाय, आणि एक 'बोलावलेला' असतो. घरच्याचं रेकॉर्ड स्वच्छ राहावं म्हणून बोलावलेला विचार करून निवडतात. आमच्या पोराने पहिली लढत दुसऱ्या फेरीत जिंकली तेव्हा आम्ही रात्रभर जागे होतो. समोरचा माणूस आदल्या दिवशी जनरलच्या डब्यातून आला होता आणि त्याच्यासोबत कॉर्नरलाही कोणी नव्हतं, याचा विचार आम्ही त्या रात्री केलाच नाही. पुढे आम्हीच त्याच्या जागी गेलो.

पाचव्या लढतीचा फोन आला तेव्हा सहा दिवस उरले होते. दुसरा कोणी जखमी झाला होता, त्याच्या जागी माणूस पाहिजे होता. लढत दिल्लीकडे, वजन ६१.२ किलो. आमचा पोरगा त्या दिवशी काट्यावर ६६.५ होता. मी नको म्हटलं. त्याला आठ महिने लढत मिळाली नव्हती, तो हो म्हणाला. भात बंद, मीठ बंद, उकडलेली अंडी आणि काकडी. गाडीत सगळे जेवत होते तेव्हा हा वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. वजनाच्या आदल्या रात्री लॉजच्या बाथरूममध्ये दोन बादल्या कढत पाणी भरून दार लावलं. अंगात रेनकोट, वर स्वेटर, आणि तो जागच्या जागी उड्या मारतोय. तोंडात च्युइंगम, हातात प्लास्टिकचा ग्लास, त्यात थुंकी गोळा करायची. पहाटे अडीचला ४०० ग्रॅम जास्त होते. ओठ फुटलेले. "सर, एक चूळ भरू?" म्हणून त्याने विचारलं. भरली, माझ्यासमोर बेसिनमध्ये थुंकली, आणि नळाकडे बघत उभा राहिला. तो नळ मी बंद केला. ताई, ती गोष्ट मला आजही टोचते. त्या रात्री मी त्याला पाणी प्यायला लावून परत आणायला हवं होतं.

वजन बरोबर भरलं. लढतीपर्यंत एक दिवस मिळतो, त्यात खाऊन-पिऊन किलो परत येतात, पण शरीर येत नाही. कोरड्या पडलेल्या मेंदूला मार जास्त लागतो असं डॉक्टर सांगतात. तीन फेऱ्या तो चांगला लढला, चौथीत पाय गेले. पंचांनी लढत थांबवली तेव्हा तो उभाच होता, पण माझ्याऐवजी समोरच्या कॉर्नरकडे चालत गेला.

ठरलेले २० हजार होते. हातात आले १२ हजार. उरलेल्यांसाठी मी वर्षभर फोन केले, नंतर त्यांनी उचलणं सोडलं. त्या १२ हजारांतून गाडीभाडं, लॉज, रक्ताच्या तपासण्या आणि सहा महिन्यांचा खुराक वजा करा. व्यवस्थापक असेल तर त्याचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जातो, प्रशिक्षकाचा साधारण १० टक्के. मी कधी घेतला नाही, पण भावाच्या करारात तो असणार.

डोक्याला होणाऱ्या इजेचं विचारलंत. खोटं बोलणार नाही. मुहम्मद अलीची शेवटची लढत १९८१ मध्ये झाली, १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी गेला, त्यानंतर जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या गेल्या. नुकसान फक्त मोठ्या लढतीत होतं असंही समजू नका. रोजच्या स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, खाल्लेले ठोसे कुठल्याच रेकॉर्डमध्ये येत नाहीत, पण डोकं ते मोजतं. म्हणून माझ्याकडे आठवड्यातून एकदाच जोरात स्पॅरिंग, तेही हेडगार्ड घालून. बाकी दिवस मिट्स (माझ्या हातातल्या गाद्यांवर ठोसे), शॅडो (हवेत ठोसे), दोरी, आणि वाळूत धावणं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली की पोरांना दोर ओढायला पाठवतो. टाच रोवून मागे सरकत तासभर दोर ओढला की पाय आणि कंबर जी तयार होते ती जिममध्ये होत नाही.

डोळ्याची गोष्ट सांगायचीच राहिली. सातवी लढत आमच्या पोराने गुणांवर जिंकली, छान जिंकली. तीन आठवड्यांनी चुलत्याच्या बोटीवर असताना त्याला उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगताना दिसले आणि कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मी त्याला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. पडद्याला चीर होती. लेझर केलं, नजर वाचली, बॉक्सिंग २६ व्या वर्षी संपलं. दोन दिवस उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो ऐकत होता आणि मी खाली बघत होतो. ही चिन्हं भावाला पाठ करायला लावा.

आईंबद्दल एक सांगू? आमच्या पोराची आई म्हणायची, "माझ्या झिलाक (मुलाला) कोणीतरी मारतलो आणि मी बसान बघू?" ती एकाही लढतीला आली नाही. पण वजनाच्या दिवसांत नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी मोजून तीच द्यायची, आणि पावसात बँडेज वाळत नाहीत म्हणून चुलीमागे दोरी बांधून तिनेच वाळवली. (पावसाळ्यात ग्लोव्ह्जमध्ये रोज रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.) तुमच्या आईंचा विरोध मोडून काढू नका. त्यांना सोबत घ्या, त्यांचे प्रश्न आयोजकासमोर त्यांनाच विचारू द्या.

मग भावाने काय करावं? अमॅच्युअर चालू ठेवावं आणि कॉलेज पुरं करावं. लॉस एंजलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आहे, म्हणजे अमॅच्युअर बॉक्सरसाठी वरची दारं उघडी आहेत. फौजेत खेळाडू म्हणून भरतीची वाट आहे, पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. रेल्वे, पोलीस आहेत. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ते मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या पदकांवर मिळतं, म्हणून पदकं आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा. डिंको सिंग १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकला तेव्हा तो नौदलात होता. महिन्याचा पगार आणि मेसचं जेवण असलेला बॉक्सर आठ महिने फोन आला नाही तरी तुटत नाही. आमचा पोरगा सहा दिवसांच्या फोनला हो म्हणाला तो भुकेने म्हणाला. पाच-सहा वर्षांनी, अंगावर शंभरेक बाउट असताना, करार परत येईल आणि तेव्हा अटी भाऊ सांगेल.

एवढं सांगूनही तो ऐकलाच नाही, तर कागदावर हे लिहून घ्या: वर्षाला कमीत कमी किती लढती, आणि त्या दिल्या नाहीत तर करार आपोआप सुटणार. तपासण्यांचा आणि दुखापतीचा खर्च आयोजकाचा. मानधन लढतीच्या दिवशीच, बँकेत. तीन आठवड्यांपेक्षा कमी मुदतीची लढत नाकारायचा हक्क भावाचा, त्याबद्दल दंड नाही. पुन्हा अमॅच्युअरला यायचं झालं तर काय, हे राष्ट्रीय महासंघाला सहीच्या आधी लेखी विचारा. वकिलाला दाखवल्याशिवाय तर काहीच नको.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, तेव्हा आमचा पोरगा रोज सकाळी माझ्यासोबत मुलांना शिकवायला असतो. भावाला त्या दिवसांत घेऊन या, आईंनाही आणा. माझ्यापेक्षा त्याचं ऐकेल. करार आणि डोळ्यांची बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट सोबत असू द्या. साडेपाचला सुरू करतो, पाऊस असला तरी.