वडिलांच्या शोकसभेत पाच मिनिटांत काय बोलावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची मीच मला दिसले. वडील जाऊन आठ दिवस झालेत, रविवारी शोकसभेत पाच मिनिटं बोलायचंय आणि कागदावर 'प्रेमळ, परोपकारी, कुटुंबवत्सल' यापुढे काही उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याही कागदावर हेच तीन शब्द होते, चौथा 'मनमिळाऊ'. तो कागद मी फाडला. वरचं नाव बदललं असतं तर तो कुणाच्याही वडिलांना चालला असता.

आत्ता वडील म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर त्यांचे शेवटचे दिवसच येत असतील. माझं तसंच झालं होतं. अख्खं आयुष्य त्या अठरा दिवसांच्या आजारपणाखाली दबून गेलं होतं आणि मला वाटायचं, धडधाकट बाबा मी विसरलेच की काय. विसरलेले नसतात. ते चित्र हळूहळू मागे सरतं, पण रविवारपर्यंत सरेलच असं नाही. म्हणून एकट्याने बसून आठवायचा प्रयत्न करू नका. लोकांकडे जा. चार माणसांसाठी धावणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य घराबाहेर घडलेलं असतं आणि ते आपण पाहिलेलंच नसतं.

मला हे किल्ल्यांमुळे कळलं. बाबांच्या टेबलाच्या खणात शेजारपाजारच्या घरांच्या किल्ल्या असायच्या. कुणी परगावी जाताना दिलेल्या, कुणी एकटं राहतं म्हणून, कुणाचं मूल आईबाबांच्या आधी घरी पोचतं म्हणून. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बाबांच्या तिरक्या अक्षरात नाव आणि खाली बारीक सूचना: 'कुलूप दोनदा फिरवणे', 'मांजर बाहेर निसटू देऊ नये', 'आजींना कमी ऐकू येते, बेल तीनदा'. अशा 11 किल्ल्या. ज्याच्या त्याला परत द्याव्यात म्हणून निघाले तर दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, कारण एकाही दारातून लगेच निघता आलं नाही.

तिसऱ्या दारातल्या काकूंनी किल्ली हातात घेतली आणि ज्या रात्रीचा माझ्या मनात वर्षानुवर्षं सल होता, नेमकी तीच रात्र सांगायला लागल्या. मी नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात माझं गाणं होतं आणि बाबा आलेच नाहीत. कुणाला तरी दवाखान्यात न्यावं लागलं, एवढंच घरी कळलं होतं. ते 'कुणीतरी' म्हणजे या काकूंचे यजमान. काकू म्हणाल्या, "बाहेरच्या बाकावर बसून ते सारखे घड्याळ बघायचे. साडेसात झाले तेव्हा म्हणाले, आता माझी मुलगी गायला उभी राहिली असेल." मी त्यांच्या दारातच खाली बसले.

शोकसभेत मी हे सांगितलं, राग आला होता तेही सांगितलं. तुम्हालाही तेच सुचवेन. बाहेरच्यांना दिलेला त्यांचा वेळ घरातून कापून दिलेला असतो. तुमच्या आईने किती संध्याकाळी एकटीने काढल्या, हे त्या पाच मिनिटांत आलंच पाहिजे. त्याने वडिलांना कमीपणा येत नाही. उलट आईला पहिल्यांदाच वाटेल की तिचंही कुणी मोजलं.

लोकांना विचारताना "बाबा कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस होते" एवढंच उत्तर मिळेल आणि दोघंही गप्प व्हाल. "शेवटचे कधी भेटले? काय बोलले?" असं विचारा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा, कारण या दिवसांत ऐकलेलं डोक्यात राहत नाही. आणि वडिलांचे स्वतःच्या आवाजातले निरोप फोनमध्ये असतील तर आजच त्यांची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवा. फोन बिघडला की ते कायमचे जातात. जुने फोटो जमतील, त्यांच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

विशेषण सुचलं की स्वतःला विचारा, हे मी कधी पाहिलं? 'परोपकारी' खोडून मी लिहिलं की बाबा नेमाने रक्तदान करायचे आणि कंटाळा करणाऱ्याला हिशोब समजावायचे: साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट 5 ते 7 दिवस, म्हणून एकदा देऊन भागत नाही. सभेत पाचसहा जणांनी माना डोलावल्या. त्यांनी ते बाबांच्या तोंडून ऐकलं होतं.

लांबीचं म्हणाल तर शोकसभेत माणूस हळू बोलतो, थांबतो. मिनिटाला 100 शब्द धरा, म्हणजे 500 पुरे. त्यात दोन प्रसंग नीट बसतात, तिसरा कोंबू नका.

"आता सावरा, पुढे बघा" असं जे म्हणतात, त्यांचं मनावर घेऊ नका. दुःखातून बाहेर पडायचं तर गेलेल्या माणसातून मन सोडवून घ्यावं लागतं, असं मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडनेच 1917 मध्ये मांडलं होतं. 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी, ती हयात असती तर 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं की ही पोकळी कशानेही पूर्ण भरत नाही आणि ते तसंच असायला हवं. ते कळल्यावर मला फार धीर आला.

आणि रडू आलं तर काय, हे तुम्ही विचारलंयत. येऊ द्या. फक्त कागदाच्या दोन प्रती काढा, मोठ्या अक्षरात, आणि एक पुढच्या रांगेत बसणाऱ्या जवळच्या माणसाकडे द्या. मी आत्याकडे दिली होती. घड्याळाच्या वाक्यापाशी माझा आवाज गेला, तेव्हा ती जागेवरूनच उठली आणि उरलेल्या सहा ओळी तिने वाचल्या.