पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र एकत्र शिकवलं तर मुलांचा पाया कच्चा राहतो का?

नाही. पाया कच्चा राहतो तो वेगवेगळं शिकवल्याने. मी रसायनशास्त्र शिकवते आणि हे रोज बघते.

पहिल्या वर्षाला बंधऊर्जा शिकवत होते. बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध तयार होताना ती बाहेर पडते, हे फळ्यावर लिहून झालं. एका मुलीने जीवशास्त्राची वही पुढे केली. त्यात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दल लाल शाईने अधोरेखित केलेलं वाक्य होतं: एटीपीमधला उच्च-ऊर्जा बंध तुटला की ऊर्जा मुक्त होते. "मॅडम, यातलं खरं कुठलं?" शेजारचा मुलगा तिला म्हणाला, "अगं, या पेपरात हे लिहायचं, त्या पेपरात ते." वर्गाला ते लगेच पटलं. मला याचाच राग येतो.

एटीपीचा शेवटचा फॉस्फेट सोडवतानाही बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. पण ही अभिक्रिया पाण्याबरोबर होते. नवे बंध तयार होतात, एकमेकांना ढकलणारे ऋणभार लांब जातात, सुटलेला फॉस्फेट पाण्यात जास्त स्थिर असतो. सगळा हिशोब मांडला की प्रमाण स्थितीत (म्हणजे ठरवून दिलेल्या तापमान-सांद्रतेला) मोलमागे साधारण 30 किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. जिवंत पेशीत तर 50 च्या आसपास, कारण पेशी एटीपी आणि एडीपीचं (एक फॉस्फेट सुटल्यावर उरलेल्या रेणूचं) प्रमाण समतोलापासून खूप लांब राखते. आता यातून भौतिक, रसायन किंवा जीवशास्त्र वगळून दाखवा.

जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना म्हटलं, हा एक तास आपण दोघं मिळून घेऊ. ते म्हणाले, "पहिल्या वर्षाला एवढं खोलात कशाला? मुलं गोंधळतील." अहो, मुलं गोंधळलेलीच होती, म्हणून तर तिने विचारलं!

तेव्हा तुम्ही अभ्यासक्रम आखत असाल तर तीन शिक्षकांत सत्र वाटून त्याला एकत्रित शिक्षण म्हणू नका. एक प्रश्न घ्या, दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात उभे करा, मुलांसमोर मतभेद होऊ द्या.

सगळंच असं शिकवता येणार नाही, हेही खरं. कलनशास्त्राचा सराव, टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण मिसळून सांद्रता मोजायला) हात बसणं, याला स्वतंत्र वेळ द्यावाच लागतो. शिवाय शिक्षकांना एकत्र तयारीसाठी वेळापत्रकात तास हवेत, नाहीतर हे महिनाभरात बंद पडतं.

पण परीक्षेत एटीपीचा प्रश्न एकदाच विचारा आणि उत्तरपत्रिका दोन्ही विभागांनी एकत्र बसून तपासा. आमच्याकडे नेमकं यालाच कोणी तयार होत नाही.